तारीख नसलेलं नुकसान

नाही नाही, उठू नका, बसा, ही पायरी काय माझ्या मालकीची नाही… फक्त जरा भिंतीकडे सरका, आणि खालची ती तिसरी पायरी आहे ना, ती हलते, तिच्यावर चुकूनही बसू नका, मी त्याबद्दल दोनदा लेखी कळवलंय, फोटोसकट, तारखेसकट, पण इथं वाचतंय कोण! तर मी काय म्हणत होतो… हां, म्हणत होतो! बघा, आलंच तोंडात! हल्ली तोंड उघडलं की हाच काळ बाहेर पडतो, म्हणत होतो, करत होतो, जायचो, यायचो… चांगला चौतीस वर्षं सरळ बोलणारा माणूस मी, आणि फ्रेंचमधल्या एका भूतकाळानं माझी ही दशा केली! तुम्ही कुणासाठी थांबलाय? मुलीसाठी? गिटारचा क्लास, दुसरा मजला? मग सुटायला अवकाश आहे अजून, तेवढ्यात माझं होईल सांगून. आणि मी कुणासाठी बसलोय? सांगतो… पण ते शेवटी. आधी कारण, मग नुकसान, मग निष्कर्ष, हा आमच्या धंद्याचा क्रम.

धंदा म्हणजे विमा कंपनीत सर्व्हेअर. गाडी ठोकली, गोदाम जळलं, पाइप फुटून भिंत फुगली की आम्ही पोचायचो… पोचायचो! परत तेच! असो. पोचून एकच प्रश्न विचारायचा, तारीख सांगा! लोक रडतात हो, मी पाणी द्यायचो, रडून झालं की पुन्हा विचारायचो, तारीख सांगा! कारण तुम्हाला सांगतो, नुकसान म्हणजे काय? काल होतं, आज नाही. मग मध्ये एक तारीख असणारच ना! तारीख नसेल तर ते नुकसान नव्हे, ती नैसर्गिक झीज, आणि नैसर्गिक झीज कुठल्याही पॉलिसीत बसत नाही. एक बाई आल्या होत्या, साहेब, पडदे विटले. म्हटलं, कधी? म्हणाल्या, हळूहळू. म्हटलं, बाई, 'हळूहळू' ही तारीख नाही! फाइल बंद. अशा शेकड्यांनी फाइली मी बंद केल्या आणि एकदाही मला वाईट वाटलं नाही, कारण माझा कायदा स्वच्छ होता.

आता असा माणूस म्हातारपणी फ्रेंच शिकायला का जाईल? नातीसाठी! मुलगी परदेशात, जावई फ्रेंच बोलणारा, चांगला आहे बिचारा, पण त्याचं आणि माझं सगळं बोलणं भुवयांवर चालतं… आणि नात सहा वर्षांची, तिला आपली भाषा कळते पण उत्तर फ्रेंचमध्ये देते. आमची ही म्हणाली, "अहो, आपणच शिकू या. दोघं जाऊ." झालं, घातलं नाव. पहिले तीन महिने मजेत गेले, नमस्कार, माझं नाव, हे टेबल, ती खिडकी, मग आला भूतकाळ, तोही साधा, केलं, गेलो, खाल्लं, मी तर खूश! काम झालं, विषय संपला, तारीख टाका! मी म्हटलं, ही भाषा सर्व्हेअर लोकांनी बनवलेली दिसते.

आणि एका रविवारी नातीचा फोन आला. तिनं विचारलं, "आजोबा, तू लहान असताना काय करायचास?" मी छाती फुगवून फ्रेंचमध्ये ठोकून दिलं, मी शाळेत गेलो, मी अंघोळ केली, मी आईचं ऐकलं. पलीकडं खुसखुस. मग मुलगी फोनवर आली, "बाबा, अहो बाबा, तुम्ही तिला सांगितलंत की लहानपणी तुम्ही एकदा शाळेत गेलात, एकदा अंघोळ केलीत आणि एकदा आजीचं ऐकलंत!" आमची ही मागून म्हणते, "शेवटचं बरोबर आहे." आणि पोरीनं काय करावं? शाळेत माझं चित्र काढलं! मी, बादली, आणि खाली लिहिलं, आजोबांची अंघोळ! तेव्हा कळलं की पुन्हापुन्हा घडायचं, रोज चालायचं, त्याला या लोकांचा वेगळा काळ आहे. ॲम्पार्फे! अपूर्ण! नावातच कबुली दिलीय, तरी यांचं दुकान चालूच आहे.

आमच्या बाई शिकवायला हुशार, पण त्यांना एक खोड आहे, जगातली प्रत्येक अवघड गोष्ट सांगून झाली की दोन्ही हात झटकून म्हणणार, "सोप्पं आहे!" फळ्यावर लिहिलं, नू पार्लों, म्हणजे आम्ही बोलतो. "आता बघा, हे 'ओं' कापायचं! उरलं काय? पार्ल. त्याला नवं शेपूट लावायचं, झ पार्ले, मी बोलायचो. सोप्पं आहे!" म्हटलं, बाई, मला 'मी' म्हणायचंय ना? मग 'आम्ही'कडे कशाला जायचं? म्हणाल्या, "तसंच असतं. पूर्वी मी काय करायचो हे सांगायचं असेल तर आधी आत्ता आपण काय करतो ते आठवायचं, त्यातूनच ते निघतं." तेव्हा मी हसलो होतो. तुम्हाला सांगतो, पुढं हेच वाक्य माझ्या मानगुटीवर बसणार होतं.

आणि शेपटं तरी किती! सहा. त्यातली चार कानाला एकच, ए, ए, ए, ए! लिहायची वेगवेगळी, म्हणायची सारखी, मग लिहायची कशाला वेगळी? बाई म्हणतात, "शेवटची अक्षरं मुकी असतात." अहो, मुकी असतील तर घरी बसवा त्यांना! एकच क्रियापद म्हणे नियम पाळत नाही, 'असणं'. बाकी सगळी धावणारी, खाणारी, झोपणारी मंडळी मुकाट्यानं शेपटं कापून घेतात, पण जो 'असतो' तो ऐकत नाही! आणि आपल्याकडं कसं, करत होतो निराळं, करायचो निराळं, दोन कपाटं, कुलपं वेगळी. यांचं सगळं एकाच कपाटात कोंबलेलं! मी बाईंना विचारलं, हा काळ सुरू कधी होतो? "ते सांगत नाहीत." संपतो कधी? "तेही सांगत नाहीत." मग तारीख सांगा! "तारीख नसते, तेच तर सोप्पं आहे!"

पण बाई हुशार हो. त्यांनी माझा धंदा विचारून घेतला आणि पुढच्या तासाला फळ्यावर एक अपघातच मांडला. पाऊस पडत होता, रस्ता निसरडा होता, ड्रायव्हर गुणगुणत होता, बायको शेजारी डुलक्या घेत होती… आणि ट्रकनं ठोकलं! म्हणाल्या, "हे सगळं चालू होतं, ते ॲम्पार्फे. आणि ठोकलं, ते दुसरं. तुम्ही तर जन्मभर हेच लिहीत आलात!" लोक माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. मी मान डोलावली. पण आतून चमकलो, कारण खरं सांगू का, हाताखालचे लोक रिपोर्टात असलं लिहायचे, पाऊस पडत होता नि गुणगुणत होता, आणि मी लाल पेन घेऊन ते सगळं खोडायचो. बाजूला लिहायचो, अनावश्यक तपशील. माझ्या रिपोर्टात फक्त ट्रक उरायचा. चौतीस वर्षांत मी एकाही ड्रायव्हरला गुणगुणू दिलेलं नाही!

वर्गात एक डेंटिस्ट होते. ते या काळात असे रमले, असे रमले की विचारू नका, त्यांच्याकडे माणसं येतात तीच ॲम्पार्फे घेऊन, दुखत होतं, ठणकत होतं, गार पाणी लागत होतं… आणि ही, आमची ही! हिला सगळं येत होतं. मी शेपटं शोधत असायचो तोवर हिची दहा वाक्यं लिहून झालेली, वर माझ्या वहीत डोकावून, "अहो, ते मुकं अक्षर राहिलं." लग्नाला अडतीस वर्षं झाली, मुकं काय राहिलंय ते मला विचारा!

तर ती तारीख सांगतो… बघा, याची मात्र तारीख आहे, चौदा तारीख, गुरुवार, संध्याकाळी सव्वासहा. गृहपाठ होता, जवळच्या माणसाबद्दल दहा वाक्यं, पूर्वी तो कसा होता, काय करायचा. मी लिहिलं होतं माझ्या जुन्या साहेबांबद्दल, चार वाक्यं, त्यातली तीन चुकीची. बाईंनी हिला उभं केलं. हिनं चष्मा लावला, वही लांब धरली आणि म्हणाली, "माझा नवरा." वर्गात लगेच, ओहो! मी आपली कॉलर नीट केली. आणि ही वाचायला लागली, फ्रेंचमध्ये, शांत आवाजात, आणि नेमकं त्या दिवशी मला प्रत्येक शब्द कळला हो! तो जिना चढताना शिट्टी वाजवायचा. तो माझ्या टेलिफोन ऑफिसच्या जिन्यात माझी वाट बघायचा. त्याच्या खिशात माझ्यासाठी पेपरमिंट असायचं. तो मला विचारायचा, आज काय झालं? आम्ही लांबच्या रस्त्यानं चालत घरी जायचो. तो नाचायचा, वाईट नाचायचा. तो माझं बोलणं मध्ये तोडायचा नाही. तो खूप हसायचा. आम्ही भांडायचो… आणि चष्मा काढून दहावं, त्याला केस होते!

वर्ग फुटला! डेंटिस्ट तर बाकावर हात आपटायला लागले, "केस होते! वा वहिनी!" बाई म्हणतात, "एकही चूक नाही!" मीही हसलो, हसावंच लागतं… पण आत काहीतरी मोजणं चालू होतं. शिट्टी, नाही. वाट बघणं, नाही. पेपरमिंट, नाही. आज काय झालं, नाही. अहो, भांडणसुद्धा नाही! भांडायचो! म्हणजे तेही गेलं? दहाच्या दहा गोष्टी घरातून नाहीशा झालेल्या आणि मी त्याच घरात राहतोय, रोज कुलूप लावतोय, आणि मला पत्ता नाही! मग मी काय केलं असेल? शहाण्या माणसानं मान खाली घातली असती. मी उभा राहिलो आणि भर वर्गात बायकोला विचारलं, "शिट्टी वाजवणं कोणत्या तारखेला बंद झालं? तारीख सांगा!"

सवय हो! तोंडातून निघून गेलं! हसणं थांबलं. हिनं माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही, राग परवडला असता, पडदेवाल्या बाईंनी पाहिलं होतं ना, तसं पाहिलं, आणि म्हणाली, "तारीख नाहीये हो. म्हणून तर हा काळ वापरला." आणि खाली बसली.

घरी आलो. ही स्वयंपाकघरात, मी टेबलापाशी. म्हटलं आपणही दहा वाक्यं लिहावीत, चांगली, उत्तर म्हणून. पण रीत काय? आधी आत्ताचं 'आम्ही', मग त्याचं शेपूट कापायचं. लिहिलं, आम्ही जेवतो. आम्ही झोपतो. आम्ही… आम्ही टीव्ही बघतो? छे, ती बघते, मी पेपर वाचतो. आम्ही बोलतो? गॅस बंद केला का, केला, दार लावलं का, लावलं, याला बोलणं म्हणत असतील तर बोलतो. पेन घेऊन बसलो, घाम आला हो! कुठं गाडी ठोकली नाही, कुणी घर सोडून गेलं नाही, एका दिवशी काही फुटलं असतं तर मी पंचनामा केला असता! काहीच फुटलं नाही, सगळं नुसतं विटलं. नैसर्गिक झीज! पॉलिसीत बसत नाही! मला भीती वाटली, खरंच सांगतो, जळक्या गोदामात कधी नाही वाटली तेवढी. आणि मग एक तिसरं वाक्य सापडलं, आम्ही फ्रेंच शिकतो. मंगळवार, गुरुवार, सहा ते साडेसात, शेजारीशेजारी, एका बाकावर. एवढंच एक 'आम्ही' शिल्लक होतं, आणि परीक्षा आली होती तीन आठवड्यांवर! ही वरच्या वर्गात जाणार आणि मी शेपटं शोधत खाली राहणार, म्हणजे तेही गेलंच की, आम्ही फ्रेंच शिकायचो!

ठरवलं, पास व्हायचं. पण गुपचूप! नंतर हिला चकित करायचं. घरी अभ्यास करता येईना, ही डोकावते. म्हणून डेंटिस्टना गाठलं, म्हटलं, तुम्ही मला शिकवा, मी हिला सांगतो दाढ दुखतेय. तुम्हाला सांगतो, आठ वेळा गेलो, दुपारी चार वाजता, त्या खुर्चीत आडवा, वर दिवा, आणि ते आरसा तोंडात घालून विचारायचे, "मी खायचो?" मी म्हणायचो, "आऽऽ…" "आ नको, ए करा! मोठ्ठा ए करा!" तोंड उघडं ठेवायला लागलं की तो 'ए' काय सुंदर येतो! बाहेर बसलेले पेशंट माझं ए, ए, ए ऐकून उठून जायचे. आणि घरी ही बिचारी मला रोज सूप द्यायची, पातळ, कोमट, "फार दुखतंय का हो? पुस्तक नका उघडू, पडून राहा." आठव्या दिवशी डेंटिस्ट म्हणाले, आता एक तरी दाढ काढायला हवी, नाहीतर वहिनींना संशय येईल. मग अक्कलदाढ काढली. म्हटलं घेऊन टाका, तिचा एवीतेवी उपयोग काय झालाय आजवर!

परीक्षा झाली. निकाल लागला. पन्नासला पास. मला एक्कावन्न! एक्कावन्न! मी वळून हिच्याकडं पाहिलं, आता ही म्हणेल, अहो! पण हिचा चेहरा उतरलेला. "तुम्ही पास झालात?" असं विचारलं तिनं, जसं काही मी तिला सांगून सवरून बुडवलं. आणि हिला? अठ्ठेचाळीस! वर्गात पहिली येणारी बाई, अठ्ठेचाळीस! मला तर काही सुधरेना. डेंटिस्टना एकतीस, ते सोडा, त्यांचा सगळा वेळ माझ्या तोंडात गेला.

घरी आलो, ही चहा ठेवायला गेली आणि हिचा पेपर टेबलावर राहिला. आता माझा दोष नाही हो, नुकसान समोर दिसलं की सर्व्हेअरचा हात आपोआप जातो. चष्मा लावला, पेपर दिव्याखाली धरला. आणि थांबलो. शेवटचा प्रश्न, गाळलेल्या जागा भरा. बारापैकी बारा उत्तरं बरोबर लिहिलेली होती! आणि त्यातली आठ खोडून वर चुकीची लिहिलेली! आता तुम्ही म्हणाल, घाबरली असेल, गोंधळली असेल. साहेब, मी चौतीस वर्षं गाड्यांचे अपघात बघितलेत! माणूस घाबरला की ब्रेक मारतो, रस्त्यावर टायरच्या खुणा उठतात, गाडी इकडंतिकडं जाते. आणि ज्याला ठोकायचीच असते, तो सरळ जातो. ब्रेकची खूण नाही! या पेपरवर आठ रेघा होत्या, आठही सरळ, पट्टीनं मारल्यासारख्या, कुठं गिरवणं नाही, कुठं शाई थबकलेली नाही. मुद्दाम केलेलं नुकसान! बनावट अपघात! पुरावा शंभर टक्के!

का केलं असेल? अहो, उघड आहे! हिला खात्री होती की मी नापास होणार! तीन आठवडे माझी दाढ दुखतेय, पुस्तक उघडलेलं नाही, मग हा खाली राहणार, तर आपण वर कशाला जा… माझ्याबरोबर बसता यावं म्हणून नापास झाली हो ती! आणि मी गाढव तिच्याबरोबर बसता यावं म्हणून पास! मला एकाच वेळी रडूही येत होतं आणि अपमानही वाटत होता. इतकी खात्री! अडतीस वर्षांच्या अनुभवावर आधारलेली! असा बनावट क्लेम मी आयुष्यात एकही सोडला नाही, नेऊन उभं केलंय लोकांना साहेबांपुढं… आणि त्या दिवशी मी तो पेपर होता तसा घडी करून ठेवला आणि चहा प्यायलो. एक शब्द बोललो नाही. मंजूर!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडं गेलो. म्हटलं, बाई, मला नापास करा. "काय?" म्हटलं, दोनच मार्क कापा, कुठंही कापा, तुम्हाला कापायची सवय आहे. त्या म्हणतात, "आजवर पास करा म्हणून लोक आले, हा अर्ज पहिलाच!" म्हटलं, मग निदान त्याच वर्गात पुन्हा बसू द्या. "नियम नाही. पास झालेला त्या वर्गात बसत नाही. तुम्ही वरच्या वर्गात जा, सकाळी आठला असतो, सोप्पं आहे!" आता नियमापुढं मी काय बोलणार? जन्मभर लोकांना नियमच दाखवत आलो! आणि वरच्या वर्गात जाऊन मी एकट्यानं 'आम्ही'ची रूपं कशाला चालवू?

आणि ही वर्ग सोडेना. ही कुठलीच गोष्ट अर्धवट टाकत नाही, ते तुम्हाला लग्नावरून दिसतंयच. मंगळवारी साडेपाचला तयार होऊन निघाली, एकटी, वही छातीशी धरून. मी म्हटलं, "येतो सोडायला." दारापर्यंत आलो. ती आत गेली, दार लागलं, आतून ए ए ए सुरू झालं… आणि माझे पाय निघेनात. बसलो इथंच, याच पायरीवर. दीड तास. साडेसातला दार उघडलं, सगळे बाहेर आले, ही मागून, आणि मला बघून तिथं वर थांबली. वही उघडली, ती दहा वाक्यांची. पेन काढलं. आणि दुसऱ्या वाक्यावर, तो जिन्यात माझी वाट बघायचा, त्याच्यावर एक रेघ मारली. सरळ! ब्रेकची खूण नाही! आणि बाजूला काय लिहिलं असेल? तारीख! मी न मागता!

झाले त्याला पाच आठवडे. आता पेपरमिंट असतं खिशात, हे घ्या, घ्या हो, तिच्यासाठी दोन ठेवली म्हणजे झालं. ते वाक्य खोडलं. लांबच्या रस्त्यानं जातो, गुडघे ओरडतात, पण तेही खोडलं. आज काय झालं, हे मी विचारतो आणि मग गप्प बसून ऐकतो, एका दगडात दोन वाक्यं गेली. आणि गेल्या गुरुवारी ते डेंटिस्ट, मेले अजून खालच्याच वर्गात आहेत, बोलून गेले की, "वहिनी, दाढ उत्तम होती त्यांची!" मग काय! इथून घरापर्यंत! "तीन आठवडे मी सूप करतेय आणि तुम्ही धडधाकट दाढ काढून आलात!" "तू तरी काय केलंस, पेपर…" आणि जीभ चावली हो, पण निघून गेलं होतं! "काय पेपर? कसला पेपर? तुम्ही माझा पेपर बघितलात?" भर चौकात! लोक थांबून बघायला लागले, मी आवाज चढवला, तिनं त्याहून चढवला, आणि ऐन रंगात ही एकदम थांबली, म्हणाली, "धरा माझी पिशवी," आणि वही काढून नववं वाक्य खोडलं! तारखेसकट! मग आम्ही दोघं जे हसलो, जे हसलो… तिथंच आठवंही गेलं.

आता राहिली तीन. शिट्टीची खटपट चालू आहे, पण दाढ गेल्यापासून नुसती हवा जाते, फुस्स… ऐका, फुस्स! डेंटिस्ट म्हणतात, येईल हळूहळू, आणि आता 'हळूहळू'ला मी काही बोलत नाही. नाच तर वाईटच करायचाय, तो मला येतो… थांबा, आलं वाटतं दार उघडत. हो, सुटला वर्ग. सरका, सरका, मला उभं राहू द्या, ती तिसरी पायरी हलते, तिथं हात द्यावा लागतो तिला. तर काय सांगत होतो? हां, हिशेब जुळला नाही ना अजून? शिट्टी येईल, नाचही होईल, तारखा पडतील… राहिलं ते दहावं. केस! ते मी काल रात्रीच्या जेवणानंतर स्वतःच तपासलं, आरशासमोर, पुढून, मागून, दिवा लावून, आणि रिपोर्टही लिहून टाकला, नैसर्गिक झीज, कुठल्याही पॉलिसीत बसत नाही, क्लेम नामंजूर!